विचारावं, पण पारखून

मैत्रिणींनो, पूर्वी काही अडलं की शेजारच्या काकूंना हाक मारायची. आता मोबाइलवर विचारलं की घटकाभरात दहा अनोळखी बायकांची उत्तरं हजर! थंडीत इडलीचं पीठ फुगेना, बिडाच्या तव्याला घावन चिकटतंय, असल्या बाबतीत खुशाल विचारावं. सल्ला फसला तर फार तर वाटीभर पीठ वाया जाईल.

पण जिवाशी गाठ असेल तिथे हा हिशेब चालत नाही बरं का. फोडणीचं तेल हातावर उडालं की कुणी टूथपेस्ट सुचवतं, कुणी हळद, कुणी बर्फ. यातलं काहीही लावू नये. बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात आणि २० मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली हात धरावा. भाजलेलं जास्त असेल तर डॉक्टरांकडेच जावं.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. त्यातल्या जंतूंचं विष बाळाला बाधू शकतं. मोरीच्या फरश्या उजळायला ब्लीचिंग पावडरीत अ‍ॅसिड मुळीच मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन करावा.

सांगणारीचा हेतू चांगलाच असतो हो, पण तिला तुमचं बाळ, तुमचा भाजलेला हात दिसत नसतो. म्हणून आधी स्वतःलाच विचारा, फसलं तर काय जाईल? पीठ जाणार असेल तर जरूर करून पाहा.