बागलाणच्या पाषाणाचे दप्तर

मोसम नदीच्या खोऱ्यातील नामपूरच्या शेतकऱ्याला आपला सातबारा तोंडपाठ असतो. परंतु ज्या काळ्या पाषाणाच्या झिजेतून ती जमीन निर्माण झाली, त्याचा सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांचा इतिहास आपल्या शालेय शिक्षणाने त्याच्यापर्यंत क्वचितच पोहोचू दिला आहे. भूगर्भातील लाव्हारस भेगांवाटे पुनःपुन्हा उसळला, थरावर थर थिजला आणि त्यांतून १५६७ मीटर उंचीच्या साल्हेरसह सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर घडले. दोन थरांमध्ये कोठे कोठे दिसणारी तांबडी माती ही दोन उद्रेकांमधील दीर्घ विश्रांतीची नोंदच होय. त्याच सुमारास मेक्सिकोतील युकातानवर सुमारे १० किलोमीटर व्यासाची अशनी आदळली. डायनासोरांच्या विनाशाचा दोष एकट्या तिचा, की दख्खनच्या ज्वालामुखीचाही त्यात हिस्सा, हा वाद विद्वानांत अद्याप चालू आहे, आणि त्यातील एक पक्षकार आपल्याच शिवारात उभा असावा, ही गोष्ट मला विलक्षण अभिमानाची वाटते. म्हणून खडीसाठी टेकडी फोडण्याचा परवाना देण्यापूर्वी सरकारने तिच्या थरांची रीतसर नोंद करून घ्यावी, आणि तालुक्यातील प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा तरी मुलांना कड्यापाशी नेऊन ते थर मोजावयास शिकवावेत.