मार्सेलिसची उडी आणि हेगचा न वाचलेला निवाडा

अन्नपूर्णेच्या परिसरातील आमच्या मराठी घरांत सावरकरांची उडी ठाऊक नाही असे मूल सापडावयाचे नाही. व्याख्यानांत आणि स्नेहसंमेलनांत ती उडी आम्ही इतक्या वेळा मारली आहे की प्रत्येक पिढीत समुद्र थोडा रुंदच होत गेला. बोट बंदरात उभी होती आणि पोहण्याचे अंतर थोडके होते, असे म्हटल्याने त्या धाडसास उणेपणा येत नाही. आमची तक्रार निराळीच आहे. उडीनंतर जे घडले ते एका आश्रयार्थी माणसाचे प्रकरण होते, आणि त्याचे कागद उघडून पाहण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत.

ही उडी मुळात एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात घेतलेली होती. १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये सावरकर पकडले गेले. परराष्ट्रांशी संबंधित १८७० च्या इंग्रजी कायद्यात राजकीय गुन्हेगारास स्वाधीन न करण्याची तरतूद होती. परंतु सावरकर पडले साम्राज्याचे प्रजाजन! त्यांना लागू झाला १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा, आणि त्यात तशी सवलत नव्हती. म्हणजे इंग्लंडच्या भूमीवर रशियन क्रांतिकारकाला जो आडोसा मिळू शकत होता, तो हिंदी माणसास नव्हता. फ्रान्सच्या भूमीवर तो मागता आला असता. ८ जुलै १९१० च्या सकाळी ‘मोरिया’ बोटीतून निसटून ते किनाऱ्याला लागले ते याचसाठी. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले आणि काही मिनिटांत पुन्हा बोटीवर आणून सोडले. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

फ्रान्सने कैदी परत मागितला. २५ ऑक्टोबर १९१० रोजी उभय सरकारांनी हा वाद हेगच्या लवादाकडे सोपविण्याचा करार केला. पाच पंच बसले. अध्यक्ष बेल्जियमचे बेर्नार्त. त्यांतील एक पंच इंग्लंडचा होता व एक फ्रान्सचा. ज्याच्याविषयी वाद होता त्याला मात्र पक्षकार म्हणून जागा नव्हती. विचारलेला प्रश्नही एवढाच, की आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार कैदी फ्रान्सला परत द्यावा की नाही? त्याचा गुन्हा राजकीय होता काय, हे कोणी विचारलेच नाही.

२४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा : अटक आणि स्वाधीन करणे यांत अनियमितता झाली खरी, परंतु परक्या शिपायाच्या चुकीमुळे ताब्यात आलेला कैदी परत केलाच पाहिजे असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. सर्वांनी सद्भावनेने काम केले, असेही पंचांनी नमूद केले. चूक मान्य आणि चुकीचे फळही कायम, असा हा न्याय! फ्रेंच पोलिसांना कैद्याची वर्दी आधीच दिलेली होती व त्यांनी साहाय्यही कबूल केले होते, यावर पंचांचा भर. हा मुद्दा फ्रेंच सरकारपुरता वजनदार आहे, हे आम्ही मान्य करतो. पण दोन पोलिस खात्यांच्या पत्रव्यवहाराने तिसऱ्याचा हक्क कसा बुडतो?

आणि काळाचा क्रम पाहा. लवाद चालू असतानाच डिसेंबर १९१० मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. आरोपी कोणत्या वाटेने आणला गेला, याच्याशी त्या न्यायालयास कर्तव्य नव्हते.

आता आमच्याच मंडळींकडून येणारा आक्षेप : जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याचा आरोप असताना कोणी आश्रय दिला असता? कदाचित दिला नसता. खून राजकीय ठरतो काय, हा प्रश्न अवघडच आहे. म्हणूनच तो कोणापुढे तरी मांडला जावयास हवा होता. सुनावणी होऊन मिळालेला नकार आणि सुनावणीवाचून मिळालेला नकार यांस एकाच मापाने मोजणे आम्हांस जमत नाही.

१९५१ च्या निर्वासितविषयक करारात ‘राजकीय मत’ हे छळाचे एक कारण म्हणून नमूद झाले. त्या करारावर भारताची सही नाही. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणेने तीन शेजारी देशांतील सहा धर्मांच्या लोकांना वाट करून दिली; आपल्या शहरातील सिंधी वस्त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. परंतु राजकीय मतासाठी पळून आलेल्याला त्यात दार नाही. उद्या एखादा परदेशी तरुण आपल्या सरकारविरुद्ध लिहून मुंबईच्या धक्क्यावर उतरला, तर त्याचे म्हणणे ऐकण्यास आमच्या कायद्याने कोणते आसन मांडले आहे? आमची घराणी माळव्यात होळकरांच्या चाकरीत आली. आश्रित म्हणून नव्हे, कारभारी म्हणून. दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, याची आठवण आमच्या बखरींत नाही, आणि हे आमचे भाग्य आम्ही पुण्याई समजून बसलो आहोत.

येत्या ८ जुलैस उडीचा प्रवेश अवश्य करावा. त्यानंतर कोणीतरी हेगचा निवाडा मराठीत उतरवून वाचून दाखवावा. थोड्याच पानांचा आहे. चहाच्या आधी संपेल.