आमची अहिराणी ‘इतर’मध्ये टाकू नका

बेळगाव, निपाणी, कारवारच्या मित्रांनो, आज थोडं सुरतबद्दल बोलतो. वाचून राग आला तर येऊ द्या. हा लेख कर्नाटक सरकारवर नाहीये, गुजरात सरकारवरही नाहीये. आपल्यावर आहे.

मी उधन्यात राहतो, राज्यशास्त्र शिकतो. आमच्या गल्लीतल्या एका पोराने फोनवर अकरा मिनिटांची शॉर्ट फिल्म केली. त्याची आई घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवते. फिल्ममध्ये तेवढंच आहे. तिचे हात, चष्मा, माल घ्यायला आलेल्या माणसाशी पैशावरून झालेली बोलाचाली. सगळं बोलणं अहिराणीत, कारण माउली दुसरं काही बोलतच नाही.

शहरातल्या एका शॉर्ट फिल्म फेस्टिव्हलला त्याने ती पाठवली. फॉर्मवर भाषेच्या रकान्यात गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि सगळ्यात खाली ‘इतर’. त्याने ‘इतर’वर टिक केली. निवड झाली नाही. ठीक आहे, होतं असं. मग आम्ही आपल्याच लोकांच्या एका मंडळाकडे गेलो. म्हटलं, गणपतीत दहा दिवस कार्यक्रम असतात, एका संध्याकाळी पडदा लावू द्या. ही आणि अजून चार पोरांच्या फिल्म दाखवतो. तिथल्या काकांनी दोन मिनिटं बघितलं आणि फोन परत दिला. “विषय चांगलाय रे, पण भाषा जरा शुद्ध करून आण. पाहुणे येतात, बरं दिसत नाही.”

पहिल्या नकाराचं वाईट वाटलं. दुसऱ्याचा संताप आला.

आता सुरतची परिस्थिती बघा. इथे मराठी पाटीला कोणी काळं फासत नाही. महापालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांत चालतात, त्यात मराठीही आहे. खानदेशात जन्मलेले सी. आर. पाटील 2009 पासून शेजारच्या नवसारी मतदारसंघाचे खासदार आहेत, 2024 पासून केंद्रात मंत्रीही. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील. म्हणजे मतं आहेत, माणसं आहेत, सत्ता पण आहे. बेळगावात आपल्याला समोर सरकार दिसतं, लाठी दिसते, म्हणून सगळा दोष तिकडे देता येतो. सुरतेत आपल्याला कोणी अडवत नाही. तरीही लूमवर बारा तास उभा राहणारा माणूस त्याच्या स्वतःच्या भाषेत कुठल्याच पडद्यावर नाही. मग अडवतंय कोण?

सुरतहून भुसावळकडे जाताना नवापूर लागतं. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. 1 मे 1960 ला दोन राज्यं झाली आणि रेघ फलाटावरूनच गेली. तिथे हिंदी, इंग्रजी, मराठी, गुजराती अशा चार भाषांत अनाउन्समेंट होते. आणि डब्यात धुळे-जळगावची माणसं एकमेकांना विचारतात, “कथा जाई राह्यना भो?” चार भाषांपैकी ही एकही नाही. राज्यांनी फलाट वाटून घेतला, त्यावरच्या माणसाची बोली दोघांच्याही हिशोबात आली नाही.

जनगणनेचे आकडे बघा. अहिराणी तिथे ‘खानदेशी’ या गटात मोजतात, आठव्या अनुसूचीबाहेरची भाषा म्हणून. 2001 मध्ये या गटाचे सुमारे 20.75 लाख लोक नोंदले गेले होते. 2011 मध्ये सुमारे 18.6 लाख. दहा वर्षांत खानदेशातली माणसं कमी झाली का? नाही. माझं मत स्पष्ट आहे: मातृभाषा विचारल्यावर खरं उत्तर द्यायची लाज वाटायला लागली. ती लाज गुजरात्यांनी शिकवलेली नाही. ती वर्गात “असं नाही बोलायचं” म्हणणाऱ्या आपल्याच लोकांनी शिकवली. त्याचा परिणाम काय होतो ते आमच्या गल्लीत दिसतं. अहिराणीची लाज वाटलेलं पोर प्रमाण मराठीकडे जात नाही. ते सरळ हिंदीकडे जातं. म्हणजे शुद्धतेच्या नादात आपण अहिराणी पण घालवतो आणि मराठी पण.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं तेव्हा पण टाळ्या वाजवल्या. बहिणाबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या, लेवा गणबोलीत रचायच्या. आज त्या फिल्म घेऊन मंडळात आल्या असत्या तर काकांनी त्यांना पण सांगितलं असतं, भाषा शुद्ध करून आणा.

“पण दर्जा?” असं कोणीतरी विचारणारच. नागराज मंजुळेंची ‘पिस्तुल्या’ आठवा. 2009 ची छोटीशी फिल्म, शिकत असताना केलेली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर ‘फँड्री’ आली, ‘सैराट’ आला, आणि पुण्यामुंबईची पोरं करमाळ्याच्या बोलीत डायलॉग मारायला लागली. बोली पडद्यावर आली की तिचा भाव असा वधारतो.

आणि साधनांचं रडगाणं गाऊ नका. मालेगाव आपल्या शेजारचं, तेही लूमचंच गाव. 2000 साली नासिर शेख नावाच्या व्हिडिओ हॉल चालवणाऱ्या माणसाने तिथे ‘मालेगाव के शोले’ काढला. कलाकार गावचेच, लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा, ट्रॉली म्हणून सायकल. पुढे त्या वेडावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी झाली, रीमा कागतींनी हिंदी चित्रपट केला. त्यांच्याकडे नव्हतं ते सगळं आज आपल्या खिशात आहे. यूट्यूबवर झुमकावाल्या पोरीचं अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा वाजतं. म्हणजे बघणारे पण आहेत. पण वाजतं ते लग्नात, नाचायला. आईच्या हातांवरच्या फिल्मला मात्र मांडव मिळत नाही. हसायला आणि नाचायला अहिराणी चालते, दुःख सांगायला चालत नाही. हे मला मान्य नाही.

काही मित्र म्हणतील, सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे, अशा वेळी बोलीचं काढून फूट कशाला पाडता? माझा उलटा प्रश्न आहे. आपण कोर्टात काय मागतोय? माणसाला त्याच्या भाषेत जगू द्या, हेच ना? मग तोच हक्क आपल्या घरातल्या माणसाला द्यायला आपल्याला कोर्टाची ऑर्डर लागते का? बेळगावच्या फॉर्मवर मराठी नसते तेव्हा आपण मोर्चा काढतो. आपल्या फॉर्मवर अहिराणी नसते तेव्हा गप्प बसतो. फूट ही इथून पडते.

रस्ता तुम्हीच दाखवलाय. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांनी साहित्य संमेलनं स्वतःच्या बळावर उभी केली. कुणी बोलवायची वाट बघितली नाही. तिकडे गोरखपूरमध्ये 2006 पासून ‘प्रतिरोध का सिनेमा’ कंपन्यांचे पैसे न घेता, लोकांच्या वर्गणीवर फिल्म दाखवतो. मग लिंबायत, उधना, डिंडोलीला काय अडचण आहे?

आमचं ठरलंय. हॉल नको, गल्ली चालेल. चादरीचा पडदा, भाड्याचा प्रोजेक्टर, मंडपाचाच स्पीकर. लागणाऱ्या परवानग्या रीतसर काढू. वेळ अशी की रात्रपाळीला जाणारा अर्धं बघून जाईल आणि दिवसपाळीचा येऊन उरलेलं बघेल. सबटायटल मराठीत आणि गुजरातीत, कारण शेजारच्या बा आणि भाभी पण बघायला यायला पाहिजेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. नगरसेवकाचा सत्कार नाही. प्रत्येक फिल्मनंतर बनवणारा उभा राहील आणि लोक त्याला प्रश्न विचारतील, ज्याला ज्या बोलीत जमेल त्या बोलीत.

आणि फॉर्मवर भाषेचा रकाना मोकळा असेल. गुजराती नाही, मराठी नाही, ‘इतर’ तर नाहीच. फक्त एक ओळ: तुमच्या घरात जी बोलतात ती भाषा लिहा.

पहिला फॉर्म आमच्या गल्लीतल्या पोराने भरलाय. पुढचा खानापूरहून येऊ द्या, डांगहून येऊ द्या. आणि काकांना पण निमंत्रण आहे. पहिल्या रांगेत, त्या माउलीशेजारी खुर्ची ठेवतोय.