दूतास देव म्हणणारे

सातारा-सांगलीकडील सुशिक्षित मंडळींत धर्माविषयी बोलणे निघाले की एक कोटिक्रम हटकून ऐकावयास मिळतो. ख्रिस्ती लोक आमच्या अनेक दैवतांस नावे ठेवतात. पण त्यांच्या घरी तरी निराळे काय आहे? मीखाएल हा त्यांचा सेनापती कार्तिकेय, गब्रीएल हा त्यांचा नारद, राफाएल हा त्यांचा धन्वंतरी! टाळ्या मिळविण्यास हा कोटिक्रम उत्तम आहे. खरा मात्र नाही. आणि ज्या वर्गास आपल्या वाचनाचा अभिमान आहे, त्याने दुसऱ्याच्या धर्मग्रंथाविषयी ऐकीव गोष्टींवर निर्वाह करावा, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही.

प्रथम मूळ ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. मराठी बायबलात ज्यास ‘आद्यदेवदूत’ म्हटले आहे, तो मूळ ग्रीक शब्द उभ्या नव्या करारात अवघ्या दोन ठिकाणी येतो: थेस्सलनीकाकरांस पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि यहूदाच्या पत्रात. त्यांतही नाव घेऊन ही पदवी दिली आहे ती एकट्या मीखाएलास. गब्रीएल दानीएलास दृष्टांताचा अर्थ उलगडून सांगतो, जखऱ्यास व मरीयेस पुत्रजन्माची वार्ता देतो. तथापि शास्त्राने त्यास आद्यदेवदूत म्हटलेले नाही, ते पद त्यास मागाहून परंपरेने दिले. राफाएलाची कथा तर तोबीताच्या ग्रंथात आहे, आणि तो ग्रंथ कॅथॉलिकांस शास्त्र म्हणून मान्य, प्रॉटेस्टंटांस अमान्य. आता आमच्या या दोन जिल्ह्यांत कार्य केले ते मुख्यत्वे प्रॉटेस्टंटांनी: साताऱ्यास अमेरिकन मराठी मिशनने, सांगली-मिरजेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने. राफाएल या नावाचा अर्थच ‘देव बरे करतो’ असा आहे, परंतु डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस जे रुग्णालय उभारले, त्या रुग्णालयाच्या मिशनने मानलेल्या शास्त्रात राफाएलास जागा नव्हती. मग ‘ख्रिस्त्यांचा धन्वंतरी’ हा आरोप आमचे वादपटू कोणत्या शेजाऱ्यावर करतात?

दुसरी गोष्ट. हे दूत केवळ ख्रिस्त्यांचे नव्हेत. मीखाएल व गब्रीएल यांची नावे प्रथम आढळतात ती यहुद्यांच्या दानीएलाच्या ग्रंथात. कुराणातही जिब्रील आणि मीकाल हे दोघे नावाने आले आहेत. मिरजेस मीरासाहेबांचा दर्गा आहे. तेथे येणाऱ्या भाविकास ‘जिब्रील हा तुमचा दुसरा देव’ असे सांगण्याचे धाडस आमचा कोणता वक्ता करील? ते विधान हास्यास्पद ठरेल हे त्यास ठाऊक आहे. मग तेच विधान ख्रिस्त्यांच्या बाबतीत शहाणपणाचे कसे होते?

यावर कोणी म्हणेल, की माहीमचे प्रार्थनामंदिर सेंट मायकेलच्याच नावाचे आहे ना? आहे. परंतु मंदिर दूताच्या नावाचे असले तरी त्यातील उपासना देवाचीच असते. कॅथॉलिक परंपरा दूतांस सन्मान देते, त्यांची मध्यस्थी मागते. पण आराधना एका देवाचीच, हा भेद तिने कटाक्षाने राखला आहे. आणि दूतांची नामावळी वाढू लागली, तेव्हा इ. स. ७४५ मध्ये रोम येथील धर्मसभेने मीखाएल, गब्रीएल व राफाएल या तिघांखेरीज इतर नावे घेण्यास मनाई केली. दूतांचे नऊ गण सांगणाऱ्या डायोनिसियसच्या नावावरील प्राचीन ग्रंथात तर या ‘आद्य’ दूतांचे स्थान आठवे, म्हणजे शेवटून दुसरे आहे! मीखाएल या हिब्रू नावाचा अर्थ ‘देवासारखा कोण?’ असा प्रश्नार्थक आहे. देवाची बरोबरी करणाऱ्यास ज्याचे नावच आव्हान देते, त्यासच देव ठरविणे ही विपरीत बुद्धी होय.

तुलना करावयाचीच असेल तर ती नारदाशी नको, मारुतीशी करावी. समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी बहुतेक याच मुलखात आहेत: चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर ही साताऱ्याकडील, शिराळे आणि बहे-बोरगाव ही सांगलीकडील. सामर्थ्य अफाट, पण ते सर्व स्वामिकार्यासाठी, हे मारुतीचे दास्य ज्यास उमगले, त्यास मीखाएल समजण्यास वेळ लागणार नाही. मात्र साम्य येथपर्यंतच. आमच्या परंपरेत दास स्वतः उपास्य होऊ शकतो, आणि त्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. प्रकटीकरणाच्या ग्रंथात योहान दूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा दूत त्यास थांबवितो आणि ‘मीही तुझ्यासारखा सेवकच’ अशा अर्थाचे उत्तर देतो. साम्य आणि भेद दोन्ही सांगावे, तेव्हा तुलना प्रामाणिक होते. आमचे वक्ते साम्य फुगवितात आणि भेद गिळतात.

हा दोष एकाच पक्षाचा नव्हे. १८३१ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांचा वाद झाला, तेव्हापासून मिशनऱ्यांनी आमच्या दैवतांची यादी केली, पण एक आणि अनेक यांचा मेळ आमचे शास्त्र कसा घालते, हे समजून घेण्याचे कष्ट थोड्यांनीच केले. आमच्या ‘नारद’ आणि ‘धन्वंतरी’ या उत्तरांत त्याच वृत्तीची परतफेड आहे. याहून थोर मार्ग साताऱ्यानेच पाहिला आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली येथे ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही त्यात स्थान दिले. ख्रिस्त अभंगांत आणताना त्यांनी मराठी भक्तीची भाषा घेतली, तिची टवाळी केली नाही.

आमच्या वादपटूंनी यहूदाचे ते लहानसे पत्र एकदा वाचावे. मोशेच्या शरीरावरून मीखाएल आणि सैतान यांचा वाद लागला असता मीखाएलाने निंदेचा शब्द उच्चारला नाही. निवाडा प्रभूवर सोपविला. प्रत्यक्ष सैतानाशी वाद घालतानाही जी मर्यादा आद्यदेवदूताने पाळली, ती आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्याशी वाद घालताना पाळणे आम्हांस जड जाऊ नये.