पाहिलें तें लिहून ठेवा

नया नगरावरून दिवसाकाठीं किती विमानें जातात याची मोजदाद कोणी करीत नाहीं. मुंबईचा विमानतळ जवळ असल्यामुळें विमानाचें नवल येथील मुलांस राहिलेलें नाहीं, व तें राहावें असा आमचा आग्रहहि नाहीं. परंतु एखादे दिवशीं नेहमींच्या जेटच्या गर्जनेऐवजीं शिवणयंत्रासारखा खडखडाट वरून ऐकूं यावा, मान वर करावी तों एकच पंखा फिरवीत एक चिमुकलें जुनें विमान संथपणें दक्षिणेस चाललेलें दिसावें, असा योग येऊं शकतो. तो पूर्वीं आलेलाहि आहे. अशा वेळीं पाहणाराचें कर्तव्य काय, याविषयीं आमचें मत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें असा विचार आहे.

तारीख १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन एका पुस मॉथ विमानानें मुंबईकडे प्रयाण केलें. विमान लहान, एंजिन एकच, बरोबर सोबती कोणी नाहीं, व बिनतारी यंत्रहि नाहीं. वाटेंत अहमदाबादेस उतरले, तेथें विमानासाठीं पेट्रोलचे डबे बैलगाडींतून आणलेले होते! दुपारीं दोनच्या सुमारास ते जुहूस उतरले व पुढील टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीवरून मद्रासेस पोंचविलें. हिंदुस्थानांतील एका मोठ्या विमानव्यवसायाचा आरंभ तो हा. जुहूचें मैदान म्हणजे समुद्रकांठची चिखलट जमीन. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई, म्हणून त्या महिन्यांत सारा संसार पुण्यास हलवावा लागे.

आतां विद्यार्थ्यांनीं भूगोलाचा नकाशा उघडून अहमदाबादेपासून जुहूपर्यंत पट्टीनें एक सरळ रेघ ओढावी. ती रेघ वसईच्या किल्ल्यावरून खाडी ओलांडते आणि राई, मुर्धे या गांवांच्या जवळून, म्हणजे हल्लींच्या मीरा-भाईंदरच्या पश्चिम अंगानें खालीं उतरते. वैमानिक वाऱ्याप्रमाणें व समुद्रकिनाऱ्याच्या खुणांप्रमाणें थोडा इकडे तिकडे होतो हें खरें. तथापि ताशीं शंभर मैलांच्या वेगानें वसईहून जुहूस यावयाला दहा मिनिटेंहि लागावयाचीं नाहींत. तेवढ्या अवधींत मिठागरांत फावडें मारणाऱ्या कोणी तरी वर पाहिलेंच नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

बरें, ही गोष्ट एकदांच घडून राहिली असेंहि नाहीं. बरोबर पन्नास वर्षांनीं, १९८२ च्या त्याच तारखेस, वयाच्या ७८ व्या वर्षीं टाटांनीं तोच प्रवास लेपर्ड मॉथ नांवाच्या तशाच जुन्या विमानांतून पुन्हां एकट्यानें केला. त्या दिवशीं ज्यांचें वय दहा बारा वर्षांचें होतें तीं माणसें आज आमच्या विद्यार्थ्यांचे आजीआजोबा आहेत. पुढें २०२१ सालीं त्याच तारखेस आरोही पंडित या तरुण वैमानिक बाईंनीं भूजहून अहमदाबादेवरून जुहूपर्यंत लहानशा हलक्या विमानानें उड्डाण केलें. टाटा जुहूस केव्हां उतरले हें ग्रंथांतून नमूद आहे. परंतु वाटेंतील गांवांनीं काय पाहिलें, विमान किती उंच होतें, तें पाहून कोण धांवलें व कोण भ्यालें, हें त्या गांवच्या वडील माणसांस विचारल्यावांचून कळावयाचें नाहीं. आणि विचारण्यास फार वेळ उरलेला नाहीं.

न लिहिल्यानें काय होतें याचें उदाहरण मुंबईंतलेंच आहे. १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं चौपाटीवर विमान उडविलें, म्हणजे राईट बंधूंच्या आधीं आठ वर्षें, अशी गोष्ट महाराष्ट्रांत पुष्कळ घरीं सांगितली जाते. तिच्यावर २०१५ सालीं चित्रपटहि निघाला. ही गोष्ट ऐकून मराठी मनास अभिमान वाटावा हें साहजिक आहे. आम्हांसहि वाटला असता. परंतु उड्डाण पाहून त्याच वेळीं लिहून ठेवलेला, विश्वास ठेवावा असा एकहि कागद पुढें आलेला नाहीं. ज्या वैमानिकशास्त्र नामक ग्रंथाचा आधार या चर्चेंत नेहमीं दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं १९७४ सालीं केली, आणि तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकांतील आहे व त्यांत वर्णिलेलीं यंत्रें उडूं शकणार नाहींत, असा निर्णय दिला. तळपदे यांच्या उद्योगाविषयीं आम्ही अनादर दाखवीत नाहीं. त्या काळीं असा ध्यास घेणें हीच मोठी गोष्ट. परंतु चौपाटीवर जमलेल्या माणसांपैकीं एकानें जरी तारीख, वेळ व डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत चार ओळींत लिहून ठेवली असती, तर काय तो निकाल लागला असता, मग तो कोणत्याहि बाजूचा असो. पुराव्यावांचून केलेला अभिमान दुसऱ्याच्या एका प्रश्नानें कोसळतो. विद्यार्थ्यांस असा अभिमान आपण शिकवूं नये, असें आम्हांस स्पष्ट सांगावयाचें आहे. घरीं कोणास राग आला तरी चालेल.

वायुनौकेचें प्रकरण याच्या उलट आहे. आर १०१ ही ७७७ फूट लांबीची अवाढव्य वायुनौका ४ ऑक्टोबर १९३० रोजीं सायंकाळीं इंग्लंडांतून कराचीस येण्यास निघाली. कराची त्या वेळीं मुंबई इलाख्यांतच होती. तेथें तिला बांधण्यासाठीं उंच मनोरा व ठेवण्यासाठीं प्रचंड छप्पर आधींच उभारलेलें होतें. परंतु दुसऱ्या दिवशीं उजाडण्यापूर्वींच ती फ्रान्समध्यें बोव्हे गांवाजवळ टेकडीवर आपटून जळाली. आंतील ५४ माणसांपैकीं ४८ प्राणांस मुकलीं. विमानखात्याचे मंत्री लॉर्ड टॉमसन त्यांतच गेले. छप्पर मात्र पाहुण्याची वाट पाहत कित्येक वर्षें उभें होतें. आतां एखाद्या वृद्ध गृहस्थानें आपल्या वडिलांनीं आर १०१ हिंदुस्थानांत पाहिली होती असें सांगितलें, तर त्यांचा अपमान न करतां, पण तारखा पुढें ठेवून, ती येथवर पोंचलीच नाहीं असें म्हणतां आलें पाहिजे. लिहिलेला कागद असा दोन्हीं बाजूंनीं उपयोगी पडतो. वायुनौका कायमच्या गेल्या म्हणावें, तर तसेंहि नाहीं. ३ मे २०२५ रोजीं मध्यप्रदेशांत श्योपुर येथून भारतीय संरक्षण संशोधन संस्थेनें एक वायुनौका सुमारें १७ किलोमीटर उंच चढविली व ती ६२ मिनिटें हवेंत ठेविली.

पालक म्हणतील, मुलांनीं वर पाहत चालावें कीं खालीं पाहून चालावें? मीरा रोड स्टेशनाबाहेरील गर्दी आम्हांसहि ठाऊक आहे. रस्त्यावर खालींच पाहावें, गच्चीवर मात्र खुशाल वर पाहावें. परीक्षेंत याचे गुण मिळत नाहींत, हा आक्षेप खरा आहे. पण जें आज रोज दिसतें तें उद्यां दुर्मिळ होतें, आणि किती लौकर होतें पाहा. एअर इंडियाचें ७४७ जातीचें पहिलें विमान १९७१ सालीं आलें, आणि शेवटचें २२ एप्रिल २०२४ रोजीं मुंबईहून पंख हलवून निरोप देऊन गेलें. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यांत ज्यांची बांधणी झाली तीं मिग २१ विमानें २६ सप्टेंबर २०२५ रोजीं सेवेंतून निवृत्त झालीं. ओझरच्या ज्या मुलांनीं तीं रोज ऐकलीं त्यांचीं नातवंडें तीं संग्रहालयांतच पाहणार.

जुनें विमान खांबावर चढवून बागेंत ठेवणें स्वस्त पडतें हें आम्ही जाणतों. तरीहि शक्य असेल तेथें तें उडतें ठेवावें, असें आमचें मत आहे. २०१८ सालीं परशुराम नांवाचें जुनें डकोटा विमान, इंग्लंडांत दुरुस्त होऊन, उडत हिंदुस्थानांत आलें व वायुसेनेंत दाखल झालें. १९४७ सालीं काश्मीरच्या रक्षणास फौज घेऊन गेलेल्या डकोटांचें तें स्मारक. २०२१ च्या प्रजासत्ताकदिनीं दिल्लीवरून तें उडालें, तेव्हां इतिहासाच्या पुस्तकांतील एका पानास आवाज मिळाला. खांबावरच्या विमानास आवाज नसतो, आणि मुलें कावळ्यांच्या घरट्यापलीकडे त्याच्याकडे फारसें पाहतहि नाहींत.

तर असें विमान दिसल्यास मोबाईल काढण्याआधीं डोळ्यांनीं पाहावें. चित्रांत बहुधा एक काळा ठिपका येतो. पंख एक जोडी कीं एकावर एक दोन जोड्या? दोन असल्यास टायगर मॉथच्या जातीचें. पंख वैमानिकाच्या डोक्यावर आहे कीं पायाखालीं? एंजिनें किती? चाकें पोटांत घेतलीं आहेत कीं लोंबत आहेत? खाडीकडून आलें कीं राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडून, व उत्तनच्या बाजूस गेलें कीं दहिसरच्या? मग घड्याळ पाहून वेळ लिहावी. बरोबर कोणी असल्यास त्याचीहि सही घ्यावी. जें नीट दिसलें नाहीं तेथें 'दिसलें नाहीं' असेंच लिहावें; तेथें कल्पनेनें एंजिन बसवूं नये.

यासाठीं शाळेच्या ग्रंथालयांत एक जाड बांधीव वही ठेवावी अशी आमची सूचना आहे. विद्यार्थ्यांनीं आपापल्या घरच्या, विशेषतः राई, मुर्धे, उत्तन, वसई येथील वडील माणसांस १९८२ विषयीं विचारून त्यांची हकीकत तींत प्रथम उतरावी, आणि सांगणाराचें त्या वेळचें वय व तो कोठें उभा होता हें जरूर नमूद करावें. टाटांच्या पहिल्या उड्डाणास १५ ऑक्टोबर २०३२ रोजीं शंभर वर्षें पुरीं होतील. त्या दिवशीं शुक्रवार आहे. कोणी त्या वाटेनें उडेल किंवा उडणारहि नाहीं. आज पांचव्या इयत्तेंत बसलेलीं मुलें तोंवर शाळा सोडून गेलेलीं असतील, वही येथेंच असेल.