संत्र्याचा धोका कोणाच्या माथीं?

वऱ्हाड-नागपुराकडील संत्रें झाडावरून ग्राहकाच्या हातीं पडेपर्यंत नफ्याचे वांटेकरी अनेक, पण तोट्याचा धनी बहुधा एकटा बागाईतदार! आंबिया बहाराची फळगळ झाली, तोटा त्याचा. बांगलादेशानें आयातकर चढवीत २०२३ सालीं किलोमागें ८८ रुपयांवर नेला, भाव कोसळले. तोहि तोटा त्याचाच. त्या वर्षीं महाराष्ट्र सरकारनें अनुदान जाहीर केलें, तें निर्यातदारांस.

आतां कायदा पाहूं. १९३० च्या मालविक्री कायद्याचें २६ वें कलम सांगतें कीं, वेगळा करार नसेल तर मालकी ज्याची, धोका त्याचा. वरुड-मोर्शीकडे उभी बाग विकतात, थोडा इसार घेतात, बाकी सारें तोंडीं! मग मालकी केव्हां पालटली, हें सिद्ध कसें व्हावें? भाव पडतांच व्यापारी इसार सोडून मोकळा होतो. १८७२ च्या करार कायद्यान्वयें नुकसानभरपाई मागतां येते खरी. पण पुरावा कोठें आहे? वेगळा करार करण्याची मुभा कायद्यानेंच दिली असतां बागाईतदारानें ती वापरूं नये, ही खेदाची गोष्ट होय.

आमचें सांगणें इतकेंच कीं, सौदा लेखी असावा. तोडणीची मुदत, फळगळीची वांटणी व भरपाई त्यांत नमूद असावी. एकट्याचें व्यापारी ऐकणार नाहीं. म्हणून गांवानें एकजुटीनें हा आग्रह धरावा. एकाच परदेशी बाजारावर भिस्त ठेवणें म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली शेजाऱ्याच्या खुंटीला टांगणें होय. सरकारपुढें हात पसरण्याआधीं तोच हात कागदावर चालवावा.