सांडव्यात पोती नकोत

आमच्या गावच्या पाझर तलावाचा बांध मातीचा आहे. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडच्या उताराला दगड. मातीचा म्हणून तो कच्चा नव्हे. नीट दाबलेला बांध पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण त्याच्या माथ्यावरून पाणी गेले की माती वाहते आणि बांध फुटतो. म्हणून बाजूला सांडवा ठेवतात.

गेल्या साली पाणी जास्त साठावे म्हणून गावकऱ्यांनी सांडव्यात वाळूची पोती रचली. माझे बाबाही त्यात होते. ते म्हणतात, "चैतात विहीर आटते. दोन हात पाणी वाढलं तर काय बिघडलं?" त्यांचेही खरे आहे, लांबून हंडा आईच आणते. तरी मला ते पटत नाही. सांडवा ही पुराची वाट आहे. ती अडवली तर पूर बांधावरूनच जाणार.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे मातीचे धरण फुटले, पुण्यात हाहाकार झाला. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. ते लहानच होते, पण खालच्या वाडीतली घरे माणसांसकट वाहून गेली.

बांधावर बाभळी वाढू देऊ नयेत, घुशींची बिळे बुजवावीत. पायथ्याशी थोडे नितळ पाणी पाझरले तर भिऊ नये. गढूळ आले तर आतली माती चालली आहे, लगेच ग्रामपंचायतीत सांगावे.

पाणी जास्त हवे ना? मग उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढू. मी पाटी घेऊन येईन. बाबा, तुम्ही कुदळ आणाल ना?

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी